मूळ प्रतीला हात लावण्याआधी

कला शाखेच्या वार्षिकांकात संगणकाच्या पोटातल्या फाइलींवर लेख कशासाठी, असे पुष्कळांना वाटेल. काहींनी तसे तोंडावर विचारलेही. "हे विज्ञानवाल्यांचे काम, तू आपले ललित लिही," असा प्रेमळ सल्लाही मिळाला. माझे म्हणणे असे की, या फाइली म्हणजे दुसरेतिसरे काही नसून मजकूर आहे. त्यात ओळी असतात, शब्द असतात, विरामचिन्हे असतात. आणि एक चिन्ह चुकले तर अर्थाचा अनर्थ होतो. ज्या मुलामुलींनी याच अंकाची मुद्रिते तपासली आहेत, त्यांनी या कामाला भिण्याचे काहीएक कारण नाही. भिऊ नये, पण रीत सोडू नये, एवढेच मला सांगायचे आहे. तथापि ही रीत नेमकी कोणती, हे आपल्याकडे कोणी शिकवत नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

ज्यांना विषय अगदीच नवा आहे त्यांच्यासाठी दोन शब्द. लिनक्स प्रणालीवर चालणाऱ्या संगणकात 'ईटीसी' नावाचा एक कप्पा असतो. यंत्राने कसे वागावे हे त्यातल्या लहानमोठ्या फाइलींत साध्या अक्षरांत लिहून ठेवलेले असते. सुरू होताना कोणती डिस्क कोठे जोडायची, कोणाला कोणता अधिकार, छपाईयंत्राशी कसे बोलायचे, जाळ्यावर कोणाला आत घ्यायचे, हे सारे तेथे. यांना कॉन्फिगरेशन फाइली म्हणतात. काळ्या पडद्यावर आज्ञा टंकून त्या उघडता येतात व बदलता येतात. सी-डॅकने डेबियनच्या पायावर 'बॉस' नावाची भारतीय लिनक्स प्रणाली काढली. तिचा पडदा मराठीतही दिसतो. पण आतल्या खोलीत गेलात की फाइली त्याच आणि त्यांचे नियमही तेच. जुन्या, विंडोजच्या नव्या आवृत्त्या न पेलणाऱ्या यंत्रांवर लिनक्स चांगले चालते. त्यामुळे खेड्यापाड्यांत, जेथे नवे यंत्र घेण्याची ऐपत नसते, तेथे त्याच्याशी गाठ पडण्याचा संभव शहरापेक्षा कमी नाही.

मी केनवडची. आमच्या बाजूला यंत्र बिघडले तर दुरुस्त करणारा माणूस हाकेच्या अंतरावर नसतो. तो रिसोडहून येणार की वाशीमहून, आज येणार की सोमवारी, हे त्याच्या सवडीवर. शहरातल्या माणसाला जी चूक अर्ध्या तासाची, ती आम्हाला तीन दिवसांची पडते. म्हणून हा प्रश्न हौसेचा नाही.

एका सुविधा केंद्रात घडलेली हकिकत सांगते. नाव घेत नाही, कारण ती कोठेही घडू शकली असती. तेथे एका जुन्या लिनक्स यंत्रावर मुलांची स्कॅन केलेली कागदपत्रे ठेवीत. जागा अपुरी पडू लागली म्हणून नवी डिस्क आणली. ती दर वेळी आपोआप जोडली जावी यासाठी तिथल्या मदतनिसाने मोबाइलवरचा व्हिडिओ पाहून 'एफएसटॅब' नावाच्या फाइलीत एक ओळ वाढवली. ओळीत डिस्कची ओळख सांगणारा लांबलचक क्रमांक असतो; त्यातले एक अक्षर चुकले. त्या दिवशी काहीच झाले नाही! डिस्क हाताने जोडलेली होतीच, सगळे काम सुरळीत चालले. संध्याकाळी वीज गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी यंत्र सुरू केले, तर ते दीड मिनिट त्या नसलेल्या डिस्कची वाट पाहून आणीबाणीच्या अवस्थेत जाऊन बसले आणि रूटचा, म्हणजे सर्वाधिकाऱ्याचा, परवलीचा शब्द मागू लागले. तो शब्द कोणालाच ठाऊक नव्हता. तो दिवस शिष्यवृत्तीचे अर्ज भरण्याच्या शेवटच्या तारखेचा होता. जातीचे दाखले, उत्पन्नाचे दाखले, सगळे त्या पेटीत बंद. मी रांगेत उभी होते. माझी कागदपत्रे पिशवीत होती म्हणून मी दुसरीकडे जाऊन अर्ज भरला. ज्यांनी विश्वासाने मूळ कागद घरी ठेवले होते, ते घराकडे धावले. एकीला एस.टी. मिळाली नाही.

पुढे त्या यंत्रावर एक कागद चिकटवण्यात आला. 'सिस्टिमला कोणीही हात लावू नये.' तेथून माझा मतभेद सुरू होतो.

असे कागद आपल्या ओळखीचे आहेत. महाविद्यालयांत, ग्रामपंचायतींत, पतसंस्थांत, सगळीकडे एक 'जाणकार' असतो आणि बाकी सगळ्यांना मनाई असते. जाणकार बदली होऊन गेला की मनाई तेवढी उरते. मग एके दिवशी अडते, कोणीतरी चोरून हात लावतो. आणि चोरून केलेल्या कामाची प्रत कोणी ठेवत नाही, नोंद कोणी करत नाही. मनाईने धोका कमी होत नाही, तो फक्त काळोखात जातो. वस्तुतः त्या मदतनिसाने हात लावला हा दोष नव्हताच. डिस्क जोडणे हे त्याचे कामच होते. ओळ लिहिल्यावर ती तपासण्याची सोय त्याच यंत्रात होती, पण ती त्याला कोणी सांगितली नव्हती. 'फाइंडमाउंट' नावाची आज्ञा ती फाइल वाचून चूक दाखवते. किंवा डिस्क आधी सोडवून मग 'माउंट'ला सांगावे की फाइलीत लिहिलेल्या सगळ्या डिस्का आत्ताच जोडून दाखव. जोडता आली नाही तर ती तेथल्या तेथे तक्रार करते. त्याखेरीज, ही डिस्क सापडली नाही तरी अडून बसू नको, असे सांगणारा 'नोफेल' हा एक शब्द त्या ओळीत घालता येतो. दोन मिनिटांचे काम. वीज जायच्या आत कळले असते.

आता जरा आपल्या परिचयाच्या मुलखात येऊ. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी सातबारा आहे. तो बदलायचा कसा, याची रीत महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ ने घालून दिलेली आहे, आणि मला ती फार शहाणपणाची वाटते. जमीन विकली, वाटणी झाली, वारस लागले, तरी सातबारा काढून त्यावर खाडाखोड करता येत नाही. बदल आधी फेरफार नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना सहामध्ये उतरतो. संबंधितांना नोटीस जाते, हरकतीला पंधरा दिवस असतात. हरकत आली तर ती वेगळ्या नोंदवहीत जाते व तिचा निकाल लागतो. मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो, मगच सातबारा बदलतो. तेव्हाही जुने नाव पुसले जात नाही. त्याला कंस होतो, आणि नव्या नावाशेजारी फेरफाराचा क्रमांक येतो. हस्तलिखित काळात तर प्रमाणित होईपर्यंत नोंद पेन्सिलने असे, नंतर शाईने. लेखनप्रमाद झालाच तर तो दुरुस्त करण्यासाठी कलम १५५ आहे. तलाठ्याचे पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी झाले, वही जाऊन संगणक आला, पण रीत तीच राहिली. २०१७ साली संगणकीकृत सातबारे गावोगाव चावडीवर वाचून दाखवले गेले, तेही याच बुद्धीने: ज्याची जमीन त्याने ऐकून चूक दाखवावी. आमच्या आजीच्या नावातला राहून गेलेला एक काना अशाच वाचनात सापडला. आजीला अक्षर येत नव्हते, पण आपले नाव कानाने तिने बरोबर ओळखले.

या रीतीचे सार असे की, मूळ कागदावर कोणी थेट लिहीत नाही. प्रत वेगळी, बदल वेगळा, तपासणी वेगळी, आणि जुने काय होते ते कायम वाचता येते. संगणकाच्या जाणत्या मंडळींनीही नेमकी हीच वाट शोधून काढली, हे मला कळले तेव्हा मौज वाटली. १९८० च्या सुमारास अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्य विद्यापीठाच्या बफेलो येथील विभागात बॉब कॉगशॉल आणि क्लिफ स्पेन्सर यांनी 'सुडो' ही आज्ञा लिहिली. सर्वाधिकाऱ्याचा परवलीचा शब्द सगळ्यांना न वाटता एखादेच काम त्याच्या अधिकाराने करून घेण्याची ही सोय. कोणाला ही सोय द्यायची त्याची यादी 'सुडोअर्स' नावाच्या फाइलीत असते. आता गंमत पाहा: या फाइलीत व्याकरणाची चूक झाली तर सुडो चालायचेच नाकारू शकते, आणि फाइल दुरुस्त करायला तर सुडोच हवे! किल्ली पेटीत आणि पेटीला कुलूप.

म्हणून ही फाइल साध्या संपादकाने उघडायची नसते. तिच्यासाठी 'व्हिसुडो' आहे. व्हिसुडो फाइलीला आधी कडी घालते, म्हणजे दोघांनी एकाच वेळी लिहू नये. मग तात्पुरती प्रत काढून ती आपल्यापुढे ठेवते. आपण लिहून बाहेर पडलो की प्रतीचे व्याकरण तपासते. बरोबर असेल तरच प्रत मूळ जागी जाते. चूक असेल तर ते थांबून विचारते: आता काय? लहान 'ई' दाबले तर पुन्हा संपादन, लहान 'एक्स' दाबले तर बदल सोडून बाहेर. मोठे 'क्यू' दाबले तर मात्र चुकीसकट जतन! हा तिसरा मार्ग कशाला ठेवला, हे मला अजून उमगलेले नाही. पण तो आहे, आणि घाईत तेच बोट तिकडे जाते, एवढे ध्यानात असू द्यावे.

इतर फाइलींसाठी 'सुडोएडिट' आहे. तेही प्रत काढते, आणि संपादक आपल्या साध्या अधिकारात चालवते. काम झाल्यावर बदल असेल तरच तो मूळ फाइलीत उतरवते. सगळा संपादकच सर्वाधिकाऱ्याच्या अंगरख्यात उघडला, तर त्यातून दुसरी कोणतीही फाइल, कोणतीही आज्ञा हाताशी येते. फुलझाडाला पाणी घालायला धरणाचा दरवाजा उघडण्यासारखे ते आहे. पण सुडोएडिट व्याकरण तपासत नाही, हे विसरू नये. तपासणी आपण करायची, आणि ज्याची फाइल त्यालाच विचारायचे: एसएसएच सेवेला, एनजिनएक्सला, अपाचीला, सांबाला. 'माझी फाइल वाच, पण अजून अमलात आणू नको,' असे त्या प्रत्येकाला सांगता येते. दूरच्या यंत्रावर एसएसएचची फाइल बदलत असाल तर जुने दार बंद करण्यापूर्वी नवे दार उघडते की नाही ते पाहावे; म्हणजे चालू बैठक तशीच ठेवून दुसरी उघडून पाहावी. दोर वर बांधल्याशिवाय विहिरीत कोणी उतरत नाही.

प्रतीबद्दलही थोडे बोलले पाहिजे. 'आधी प्रत काढा' हे सगळेच सांगतात, ती कोठे ठेवायची ते सांगत नाहीत. काही कप्पे असे असतात की त्यातली प्रत्येक फाइल यंत्र वाचते. डेबियनवरच्या एनजिनएक्सचा 'साइट्स-एनेबल्ड' हा कप्पा तसा. तेथेच जुनी प्रत ठेवलीत तर यंत्र जुनी आणि नवी, दोन्ही वाचते आणि गोंधळ उडतो. उलट 'सुडोअर्स-डी' कप्प्यात ज्या फाइलीच्या नावात टिंब असेल ती मुळी वाचलीच जात नाही; तेथे प्रत सुरक्षित, पण कोणी चांगल्या फाइलीच्या नावात टिंब घातले तर ती का चालत नाही म्हणून दिवसभर डोके खाजवावे लागते. म्हणून प्रत त्या कप्प्याच्या बाहेर, तारखेसह ठेवावी, आणि काढताना तिची मालकी व परवानग्या जशाच्या तशा ठेवाव्यात. 'डिफ' आज्ञेने जुनी व नवी प्रत शेजारी ठेवून फरक पाहावा. एक ओळ बदलायची होती आणि फरक सात ओळींचा दिसला, तर हात थांबला पाहिजे. जॉई हेस यांनी २००७ साली 'ईटीसीकीपर' हे साधन काढले. ते या साऱ्या कप्प्याचा इतिहास ठेवते, कोणत्या दिवशी काय बदलले ते मागाहून वाचता येते. हा संगणकाचा फेरफार उतारा म्हणावा.

सर्वांत जास्त घात करतो तो बाण. काळ्या पडद्यावर दोन बाण म्हणजे फाइलीच्या शेवटी भर घालणे, आणि एक बाण म्हणजे फाइल रिकामी करून नव्याने लिहिणे. एकाच कळीचा फरक. शिवाय यंत्र आज्ञा चालवण्याआधीच फाइल रिकामी करते. त्यामुळे एखादी यादी क्रमवार लावून त्याच फाइलीत परत लिहू गेलात, तर क्रम लावायला काही उरलेलेच नसते! ओळ जोडायची असेल तर संपादक उघडून जोडावी. बाणांची ऐट मिरवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्या लिपीचाही येथे संबंध येतो. कळफलक मराठीत राहिला आणि क्रमांक देवनागरीत पडला, तर आपल्याला २२ दिसते, यंत्राला ते बहुधा अंकच वाटत नाहीत. जोडाक्षरे सांभाळण्यासाठी मराठी टंकनात काही अदृश्य चिन्हे वापरली जातात. ती फाइलीत शिरली तर डोळ्यांना दिसत नाहीत, यंत्राला मात्र अडतात. व्हॉट्सअ‍ॅपवरून उचललेल्या आज्ञेत साधी अवतरणचिन्हे वाकडी झालेली असतात, छोट्या आडव्या रेघेची मोठी झालेली असते. 'कॅट' आज्ञेला मोठे 'ए' जोडले की असे लपलेले पाहुणे उघडे पडतात. हे काम कोणाचे? ऱ्हस्वदीर्घाची नजर असलेल्याचे. मराठीच्या विद्यार्थ्याने ते इतरांहून बरे करावे, अशी माझी अपेक्षा आहे.

कोणी म्हणेल, एक शब्द बदलायला एवढा खटाटोप? आज मोबाइलवर विचारले की आज्ञा तयार मिळते, चिकटवली की झाले. मिळते खरी, पण ती देणाऱ्याने आपले यंत्र पाहिलेले नसते, आणि परिणाम भोगायला तो येत नाही. शिवाय ज्यांच्याकडे जगातली उत्तम माणसे आहेत त्यांचेही काय झाले ते आपण पाहिले आहे. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुकची सगळी कुटुंबे, व्हॉट्सअ‍ॅपसुद्धा, सुमारे सहा तास बंद होती. देखभालीच्या वेळी दिलेल्या एका आज्ञेने त्यांच्या केंद्रांना जोडणारे जाळेच तुटले. अशी आज्ञा अडवणारे तपासयंत्र त्यांच्याकडे होते. त्यातच दोष निघाला. दुरुस्तीची साधनेही त्याच जाळ्यावर अवलंबून, त्यामुळे अभियंत्यांना दूरवरून आत शिरता येईना. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक कंपनीच्या एका सदोष फाइलीने, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे, सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे पाडली. आपल्या देशातल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. आणि ज्या सुडोची मी एवढी तरफदारी केली, त्यातही २०११ पासून लपलेला एक मोठा दोष क्वालिस कंपनीच्या संशोधकांनी जानेवारी २०२१ मध्ये उघड केला. तो सुडोएडिटच्याच वाटेने साधत असे! तेव्हा साधनावर विसंबून झोपता येत नाही, हे मला मान्य आहे. व्याकरण तपासणाऱ्या आज्ञेला अर्थ कळत नाही, हेही मान्य. सातबाऱ्यावर शुद्ध लिहिलेले नाव भलत्याच माणसाचे असू शकते. पण त्यातून निघणारा निष्कर्ष जुनी प्रत हाताशी ठेवण्याचा आहे, कागद चिकटवण्याचा नाही.

आपल्या महाविद्यालयापुरती माझी सूचना लहान आहे. संगणक कक्षात एक जाड बांधणीची वही ठेवावी, दोरी लावून, पेनासकट. तारीख, फाइलीचे नाव, काय बदलले, का बदलले, जुनी प्रत कोठे आहे, तपासणी कोणती केली, आणि नाव, असे सात रकाने. फाइल बदलणारा आणि शेजारी बसून वाचणारा, अशा दोन सह्या. रूटचा परवलीचा शब्द लाखबंद पाकिटात प्राचार्यांच्या कपाटात. आणि एक जुने यंत्र असे असावे की जे मोडले तरी कोणाचा अर्ज अडणार नाही; त्यावर प्रथम वर्षाच्या मुलामुलींनी मुद्दाम एफएसटॅब बिघडवावी आणि तासाभरात पुन्हा उभी करून दाखवावी. कागद काढून टाकण्याचे काम मी स्वतः करायला तयार आहे. तो बराच चिकटला आहे, कोमट पाणी लागेल.